प्रत काढण्याचा अधिकार

एका वस्तूवरून दुसरी तशीच वस्तु करणें हें कृत्य चांगलें कीं वाईट, या प्रश्नाचें उत्तर सर्व काळीं सारखें राहिलेलें नाहीं. मुद्रणकला येण्यापूर्वीं पोथी नकलून घेणें हें पुण्यकर्म समजलें जाई. मूळ पोथी त्यानें कमी होत नसे, आणि एका घरचें ज्ञान दहा घरीं पोंचे. आज तेंच कृत्य पुष्कळ ठिकाणीं गुन्हा ठरतें. मग पूर्वींचें पुण्य आतां पाप कसें झालें? हा प्रश्न केवळ तार्किकांचा नाहीं. आपल्या कचेरींतील मेजावर जो संगणक ठेवलेला असतो त्याच्याशीं त्याचा निकट संबंध आहे, म्हणून त्याचा विचार करणें अगत्याचें वाटतें.

या बाबतींत उल्हासनगरचें उदाहरण बोधप्रद आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसतीचें उल्हासनगर असें नामकरण झालें. सर्वस्व मागें टाकून आलेल्या या लोकांनीं उद्योगाच्या बळावर आपला संसार पुन्हां उभा केला. परदेशी नमुन्याबरहुकूम माल बनविण्यांत या गांवाची एवढी ख्याति झाली, कीं मालावरील 'यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा सांगण्याचा विनोद सर्वतोमुखीं झाला. या विनोदांतच नीतीचा निवाडा आहे. नमुना पाहून तशीच विजार शिवणें यांत पाप नाहीं. तें तर कौशल्य आहे. जेथें खोटें नांव लावून गिऱ्हाइकास फसविलें जातें तेथेंच दोष उत्पन्न होतो.

संगणकाच्या बाबतींत हा विचार एक पायरी पुढें नेला पाहिजे. पेढी उल्हासनगरांत असो, कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत असो, वा हिशेबनिसाची कचेरी बदलापुरांत असो. संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतो ती विकत न घेतां तिची चोरटी प्रत बसविण्याचा मोह सर्वत्र सारखाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें जें कलम आलें, त्यान्वयें जाणूनबुजून अशी प्रत वापरणारासही किमान ७ दिवसांची कैद व ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. वापर धंद्यासाठीं वा लाभासाठीं नसेल तरच न्यायालय कैद टाळूं शकतें. मोहांत पडलेला मनुष्य म्हणतो, "कंपनी धनाढ्य आहे, आणि माझ्या एका प्रतीनें तिचें कांहींच कमी होत नाहीं." कमी होत नाहीं हें खरें, पण तें पोथीलाही लागू असल्यामुळें त्यानें निवाडा होत नाहीं. करणारानें आपलें काम कांहीं अटींवर देऊं केलें. आपण काम घेतों आणि अट झुगारून देतों. अपराध आहे तो या वचनभंगाचा. शिवाय मालकानें बसविलेल्या चोरट्या प्रतीवर दिवसभर राबणारा कारकून, त्याला कोणी न विचारतां, त्या अपराधाचा भागीदार होतो. ही गोष्ट अधिक गंभीर होय.

या कोंडींतून निघण्याचा एक सरळ मार्ग लिनक्सचा आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं एक मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकी येथील विद्यार्थ्यानें अशा प्रणालीचा गाभा लिहून प्रसिद्ध केला, आणि पुढील वर्षीं तो स्टॉलमन यांच्या परवान्याखालीं आणला. हा परवाना प्रत्येकास चार अधिकार देतो: कोणत्याही कामास वापरणें, रचना अभ्यासणें, तींत बदल करणें आणि प्रती वाटणें. अट एवढीच, कीं जो ती दुसऱ्यास देईल त्यानें मूळ लेखनही उपलब्ध करावें व हेच अधिकार त्यालाही द्यावेत. इंग्रजींत 'मोफत' आणि 'मुक्त' या दोहोंस एकच शब्द असल्यामुळें पुष्कळ घोटाळा झाला. मराठींत सुदैवानें दोन शब्द आहेत, आणि त्यांतील भेद आपण जपला पाहिजे.

हा मार्ग अगदींच निष्कंटक आहे असें मात्र नाहीं. कचेरींतील संगणक कारकुनाचा नसतो. म्हणून मालकाची संमति ही पहिली पायरी. मग उबुंटू किंवा मिंट यांसारखी लिनक्सची तयार आवृत्ति पेनड्राइव्हवर उतरवून, संगणकांतील कांहींही न पुसतां, तेथूनच चालवून पाहतां येते. प्रिंटर चालतो काय, इनस्क्रिप्ट पद्धतीनें मराठी उमटतें काय, जुने तक्ते लिबरऑफिसमध्यें नीट उघडतात काय, हें पाहून आणि सर्व कागदपत्रांची नक्कल अन्यत्र ठेवूनच पुढें जावें. टॅली ही हिशेबाची प्रणाली लिनक्सवर सरळ चालत नाहीं. ज्या मेजावर तिचेंच काम आहे तेथें रीतसर विकत घेतलेलें विंडोज ठेवणें हेंच प्रामाणिकपणाचें. दुसऱ्या बाजूस, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद झाली, आणि धड चालणारे अनेक संगणक पुढल्या आवृत्तीस अपात्र ठरले. तीं यंत्रें मोडींत काढण्यापूर्वीं लिनक्सची परीक्षा अवश्य घ्यावी.

परंतु एवढ्यानें नैतिक प्रश्न संपला असें समजूं नये. केवळ पैसे वांचले म्हणून जो लिनक्स घेतो तो कायद्यानें निर्दोष खरा. तथापि देणाराची जाणीव त्याला चोरट्या प्रतीच्या वेळीं नव्हती, ती आतांही नाहीं. आपल्याकडे ऋषिऋण म्हणून जें मानलें आहे, तें द्रव्यानें फिटत नाहीं; अध्ययन आणि अध्यापन यांनींच फिटतें. मुंबईच्या आय. आय. टी. च्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमानें लिनक्सचे पाठ मराठींतही करून ठेवले आहेत. ते एकानें शिकून शेजारच्या मेजावरील दुसऱ्यास शिकवावे. दोष आढळल्यास रचणारांस कळवावा. मराठी भाषांतरांत चूक दिसली तर ती सुधारून पाठवावी. पोथी नकलणारा पुढच्या वाचकासाठीं अक्षर जपून काढीत असे, म्हणून त्याच्या श्रमास पुण्य म्हणत. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यांतील हिशेबनिसानें आठवड्यांतून एक तास या कामास दिला, तर त्याच्या श्रमास दुसरें नांव देण्याचें कारण दिसत नाहीं.