कुलपांचा नकाशा

स्मृतीच्या प्रदेशाचा नकाशा काढता येतो असे ऐकले की श्रद्धावंत माणूस थोडा दचकतोच. ज्याला आपण ‘मी’ म्हणतो तेच काचपट्टीवर सापडले तर मग उरले काय, हा प्रश्न आम्हांलाही पडला. तेव्हा हा नकाशा काढतात कसा, ते आधी पाहू.

कानशिलाच्या आत, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा एक वळणदार भाग आहे. नव्या घटनांची नोंद होण्यास तो लागतो. तेथील पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या रूपाने. ग्लुटामेट निरोप पुढे ढकलते, गाबा त्याला आवर घालते. निरोप घेणाऱ्या पेशीवर ग्राही असतात. रसायन ही किल्ली, ग्राही हे कुलूप. जर्मनीतील युलिश येथे कार्ल झिलेस (१९४४–२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुलपांची मोजदाद केली. देहदान केलेल्या माणसाचा मेंदू मृत्यूनंतर लवकर गोठवायचा, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाइतके पातळ काप घ्यायचे, एकाच जातीच्या ग्राहीला चिकटणारे किरणोत्सर्गी द्रव्य त्यांना लावायचे आणि काप फिल्मवर ठेवून आठवडेच्या आठवडे थांबायचे. फिल्म जेथे अधिक काळवंडते तेथे कुलपांची दाटी अधिक. हिप्पोकॅम्पसचा असा नकाशा २०२० साली प्रसिद्ध झाला. एवढ्याशा जागेतही वस्ती एकसारखी नाही. सीए१ या पट्ट्यात एनएमडीए जातीचे ग्राही दाट आहेत. हे कुलूप मोठे चोखंदळ: ग्लुटामेट आले आणि त्याच वेळी पेशी स्वतःही जागी असली, तरच ते उघडते. दोन गोष्टींची सांगड घालणे, म्हणजे शिकणे, येथून सुरू होते.

त्या कापाच्या धन्याला आपल्या आईचा चेहरा आठवत असेल. फिल्मवर मात्र दाटी दिसते, चेहरा दिसत नाही. पण म्हणून हायसे वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण हा भाग नष्ट झाला की नव्या आठवणी धरत नाहीत, हेही तितकेच खरे.

आणि स्मृती गेली तर माणूस तोच राहतो का? जॉन लॉकने १६९४ साली व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेवर, गतकाळ आपला म्हणून आठवण्यावर बसवली. संत ऑगस्टीन अधिक सावध. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात स्मृतीच्या विशाल दालनांतून हिंडताना, आपण विसरलो हे आपल्याला आठवते तरी कसे, या कोड्यापाशी ते अडतात आणि स्वतःलाच आपण पुरते आकळत नाही, अशी कबुली देतात. आम्हांला ही कबुली जवळची वाटते.

अमेरिकेतील हेन्री मोलेसनची फेफऱ्यावर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली, तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. तो तेव्हा २७ वर्षांचा होता. पुढे नवे काही त्याच्या ध्यानात टिकेना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारा गिरवायला लावला. दिवसागणिक हात सुधारत गेला, पण आपण हे पूर्वी केले आहे हे त्याला ठाऊक नसे. १९९२ साली त्याने व त्याच्या कायदेशीर पालकाने मेंदूदानाच्या कागदावर सह्या केल्या. २००८ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी त्या मेंदूचे २४०१ काप झाले.

जे वचन दिल्याचे त्याला आठवत नव्हते, ते वचन त्याचे म्हणावे काय? पालकाची सही शेजारी आहे, यानेच आमचे समाधान होत नाही. परंतु आपला इतरांना उपयोग व्हावा, असे तो वर्षानुवर्षे बोलून दाखवी, आणि दर वेळी ते त्याला नव्यानेच सुचलेले असे. आधीचे बोलणे आठवत नसताना जो पुन्हा तेच बोलतो, त्याच्या ठायी कोणी उरलेच नाही असे आम्हांला म्हणवत नाही. लॉकच्या मोजपट्टीत तो बसत नसेल, तर मोजपट्टी अपुरी आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरी म्हातारी आई रोज संध्याकाळी मुलाला विचारते, “तू कोणाचा रे?” तो म्हणतो, “तुझाच, आई.” ती मान डोलावते आणि विड्याच्या पानांची कवळी लावू लागते. लहानमोठी पाने तिच्या हातांना अजून बरोबर कळतात. उद्या संध्याकाळी ती पुन्हा विचारील, आणि तो सांगेल.