उलटलेली मालमोटार आणि आप्तवाक्य

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी किंवा निधनवार्तांच्या वर, एक बातमी आपल्याला वरचेवर भेटते. गावाचे नाव बदलते, मालाचे नाव बदलते; आज कांदे, उद्या सिमेंट, परवा कोंबड्यांचे खाद्य. वाक्य मात्र बदलत नाही. चालकाचा ताबा सुटल्याने ट्रक उलटला. चालक फरार झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला असून पुढील तपास चालू आहे. चालक फरार नसेल, तर तो जागीच ठार झालेला असतो. त्या पुढील तपासाचे पुढे काय झाले, हे सांगणारी बातमी सहसा वाचावयास मिळत नाही, आणि ती मिळाली नाही म्हणून कोणी वाचकाने संपादकास पत्र लिहिल्याचेही ऐकिवात नाही.

ही बातमी आपण कशाच्या आधारावर खरी मानतो? ट्रक उलटला हे खरेच आहे. त्याचे छायाचित्र शेजारी छापलेले असते, चाके आभाळाकडे झालेली. पण वाक्याचा पूर्वार्ध? ताबा सुटताना कोणी पाहिला? बातमीदार तेथे नव्हता. पोलीस आले ते सर्व काही होऊन गेल्यावर. ज्याने पाहिले तो एक तर पळाला आहे, नाही तर बोलण्याच्या पलीकडे गेला आहे. म्हणजे संपूर्ण वृत्तात ज्या एका गोष्टीला साक्षीदार नाही, नेमकी तीच गोष्ट सर्वांत निःशंकपणे सांगितलेली असते. गाडीचा क्रमांक लिहिताना बातमीदार एखादे वेळी अडखळेल, पण कारण लिहिताना तो अडखळत नाही.

आपल्याकडील नैयायिकांनी शब्दाला प्रमाणाचा दर्जा दिला, पण तो कोणाच्याही शब्दाला दिला नाही. तो आप्ताचा शब्द असावा लागतो. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताची कसोटी सांगितली ती अशी की, त्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान असले पाहिजे, आणि जसे पाहिले तसे सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. विशेष म्हणजे ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे, हेही त्याने स्पष्ट केले. प्रामाण्य हुद्द्यावर अवलंबून नाही, पाहण्यावर आणि सांगण्यावर आहे. या कसोटीला आपली बातमी लावून पाहिली, तर प्रकार उलटाच दिसतो. प्रत्यक्ष पाहणारे दोनच, चालक आणि क्लीनर; आणि त्यांच्याच शब्दाला वृत्तात जागा नाही. ज्याचे वचन छापले जाते त्या ठाणेअंमलदाराने नोंदवही पाहिली आहे, ट्रक उलटताना पाहिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की येथे शब्दप्रमाणाचे काय काम, ही अर्थापत्ती आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे. तसाच धडधाकट रस्त्यावर ट्रक उलटला, त्या अर्थी चालकाचे चुकले असले पाहिजे. पण देवदत्ताच्या बाबतीत दिवस वजा केला की रात्रच उरते, म्हणून ती कल्पना अटळ ठरते. ट्रकच्या बाबतीत चालक वजा केला, तर मागे किती गोष्टी उरतात, हे पाहिलेच पाहिजे.

त्या बऱ्याच आहेत, आणि त्या समजण्यास शाळेतले पदार्थविज्ञान पुरे आहे. वाहन वळते तेव्हा त्याला बाहेरच्या बाजूला कलंडवणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्याला तोंड देण्याची वाहनाची शक्ती मुख्यतः दोन मापांवर ठरते: डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा भाग आणि जमिनीपासून गुरुत्वमध्याची उंची. ठेंगण्या मोटारगाडीत हे गुणोत्तर इतके मोठे असते की ती कोरड्या रस्त्यावर कलंडण्याआधी घसरते. ट्रकचे तसे नाही. चाकांच्या अंतराचा निम्मा भाग तीन फूट आणि वर रचलेल्या मालामुळे गुरुत्वमध्य सहा फुटांवर गेला, तर गुणोत्तर निम्म्यावर येते. स्प्रिंगा दबतात, टायर वाकतात, त्यामुळे प्रत्यक्षात ते दोनपंचमांशापर्यंत उतरते. साठ मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर असा ट्रक ताशी ५५ किलोमीटरच्या सुमारास उलटतो. पंचावन्न! तेवढ्याच वेगाने त्याच वळणावरून मोटारगाडी जरा कुरकुरत का होईना, पण निघून जाईल, आणि तिच्यातील गृहस्थ दुसऱ्या दिवशीच्या पत्रात ‘भरधाव ट्रक’ हे शब्द वाचून मान डोलावतील.

बरे, हा गुरुत्वमध्य कोणी वर नेला? माल चालक रचत नाही. तो हमाल रचतात, आणि किती रचावयाचा हे मालक आणि व्यापारी ठरवतात. कायद्याने किती चालावा हेही चालक ठरवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू वाहनांचा अनुज्ञेय भार सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा कोणी ट्रकचालकांना विचारावयास गेल्याचे मला आठवत नाही. टँकरची गोष्ट तर आणखी निराळी. पूर्ण भरलेला टँकर एक वेळ बरा, पण अर्धवट भरलेल्या टँकरमधील द्रव वळणावर बाहेरच्या बाजूला धावतो आणि गुरुत्वमध्यच जागचा हलतो. टाकीत आडव्या भिंती घातल्या तर मागे-पुढे होणारी हिंदकळ कमी होते, परंतु डावीउजवीकडची त्यांनी फारशी थांबत नाही. जोडवाहनात तर मागचे चाक जमिनीवरून उचलले गेल्याचे पुढे बसलेल्याला पुष्कळदा कळतही नाही. कळते तेव्हा सुकाणू हातात असून नसल्यासारखे झालेले असते. तेव्हा ‘ताबा सुटला’ याचा अर्थ ‘ट्रक उलटला’ याहून वेगळा असा फारच थोडा उरतो. एकच घटना दोनदा सांगावयाची आणि पहिल्या सांगण्याला दुसरीचे कारण म्हणावयाचे, हा या वाक्याचा खरा घाट आहे.

घाटाचा उल्लेख आला म्हणून एका खऱ्याखुऱ्या घाटाकडे वळतो. इंदूरहून मुंबईकडे जाणारा रस्ता मानपूर सोडल्यावर माळव्याचे पठार उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे जातो. तेथे धामनोदच्या अलीकडे गणपती घाट लागतो. मुंबई रस्त्याने जाणाऱ्या इकडच्या प्रत्येक मराठी कुटुंबाने तो पाहिलेला आहे आणि त्याच्याविषयीच्या बातम्याही वर्षानुवर्षे वाचलेल्या आहेत. ब्रेक निकामी झाल्याने ट्रक उलटला, ब्रेक निकामी झाल्याने ट्रेलर समोरच्या वाहनांवर गेला, आग लागली. प्रत्येक बातमी सुटी होती, प्रत्येकीत एक निराळा चालक आणि एक निराळा दुर्दैवी ब्रेक होता. परंतु एकाच उतारावर निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या वयांच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचा ताबा सुटत असेल, तर संशय माणसांवर धरावा की उतारावर? अखेर त्या उताराला पर्याय म्हणून सौम्य चढणीचा निराळा मार्ग काढण्यात आला आणि २०२४ च्या अखेरीस तो वाहतुकीस खुला झाला. त्या पर्यायी मार्गाचे एकेक मैल म्हणजे आधीच्या शेकडो बातम्यांतील पूर्वार्धाला दिलेले उत्तर आहे. ते उत्तर त्या बातम्यांच्या खाली छापून आलेले नाही, आणि त्या चालकांवरील ठपकाही कोणी मागे घेतलेला नाही.

‘ब्रेक निकामी झाला’ हे शब्दही तपासण्याजोगे आहेत. ते वाचून आपल्या डोळ्यांपुढे तट्‌कन तुटलेली दोरी येते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची रचना पाहिली, तर बहुतेक नव्या अवजड वाहनांत हवा संपल्यास मागच्या चाकांना स्प्रिंगांचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे वाहन सुसाट सुटण्याऐवजी अडून बसावयास हवे. उतारावर घडते ते निराळे. वजन जास्त, उतार लांब, पाय सारखा ब्रेकवर. पट्टे तापत जातात आणि तापता तापता त्यांची पकड नाहीशी होते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी गिअरमधून काढून सोडून दिलेली असली, तर इंजिनाचा अटकावही उरत नाही. हे सर्व क्षणात होत नाही. त्याला काही किलोमीटर लागतात. आणि डिझेल वाचवण्याची ही सवय कोठून आली म्हणाल, तर खेपेच्या हिशेबात डिझेल मोजून दिलेले असते तेथून. येथे चालकाचा दोष नाही असे मी म्हणत नाही. दोष आहे; पण त्याला वाटेकरी आहेत, आणि बातमीत ते येत नाहीत.

ही बातमी पत्राच्या रद्दीबरोबर संपली असती तर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. परंतु तेच वाक्य ठाण्याच्या कागदावरून वर चढत जाते आणि वर्षाअखेर राष्ट्राची आकडेवारी बनते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यात मांडलेले आहेत. मेलेली माणसे मोजता येतात, त्यामुळे पहिल्या दोन आकड्यांविषयी माझा वाद नाही. तिसऱ्याविषयी मात्र विचारावेसे वाटते की, हे वेग कोणी मोजले होते? ही माहिती पोलिसांच्या नोंदींतून गोळा होते, आणि अपघातानंतर आलेल्या माणसापाशी वेग मोजण्याचे साधन नसते. उलटलेले वाहन पाहून तो वेगाचे अनुमान करतो. मग आपण त्या आकड्यावरून सिद्ध करतो की वाहने वेगामुळे उलटतात. या चक्राला न्यायशास्त्रात नाव आहे. संख्याशास्त्रात त्याला टक्केवारी म्हणतात.

येथून प्रश्न ज्ञानाचा न राहता नीतीचा होतो. डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली विश्वासाच्या नीतिशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यातील जहाजमालकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आपले जहाज जुने झाले आहे, दुरुस्ती मागते आहे, हे त्याला ठाऊक असते. पण इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, अशी तो मनाची समजूत घालतो, देशांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन ते जहाज हाकारतो, आणि ते बुडाल्यावर विम्याचे पैसे मुकाट्याने घेतो. त्याचा विश्वास प्रामाणिक होता, पण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता, असे क्लिफर्ड म्हणतो. आणि जहाज बुडाले नसते तरीही तो तितकाच दोषी ठरला असता. या उदाहरणातील मालक ओळखणे आपल्याला कठीण नाही. माझे म्हणणे एवढेच की, ती बातमी वाचणारा वाचकही त्या जहाजावर थोडा भागीदार असतो. चालक बेफिकीर होता, एवढे मानले की भाजी स्वस्त का मिळते हे विचारावे लागत नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. आपल्या दारात पहाटे पोहोचलेला माल किती तास जागून आला, हेही मग विचारावे लागत नाही.

दोष जवळच्या आणि मुक्या माणसावर टाकण्याची ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही. पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्किया येथे २५ जून २०१७ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासचे लोक भांडी घेऊन सांडलेले पेट्रोल भरू लागले आणि आग लागून दोनशेहून अधिक माणसे मेली. जगभर बातमी गेली ती लोकांच्या हावरेपणाची. टँकर मुळात उलटला का, हा प्रश्न त्या धुरात दिसेनासा झाला. पुढे तेथील तेल-नियामक मंडळाने तो टँकर विहित मानकांत बसत नसल्याचा ठपका तेल कंपनीवर ठेवला. भांडे घेऊन धावणारा माणूस डोळ्यांना दिसतो, छायाचित्रात येतो. मानकात न बसणारा टँकर कागद काढल्याखेरीज दिसत नाही.

तथापि, म्हणून सर्वच बातम्यांवर अविश्वास ठेवावा, हा निष्कर्ष मला मान्य नाही. अविश्वासही स्वस्त असू शकतो. उज्जैनच्या महाकाल मंदिरात ९ जुलै २०२० रोजी पकडलेला विकास दुबे कानपूरकडे नेला जात असता दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी उलटली; त्याने पिस्तूल हिसकावले, पळू लागला आणि गोळीबारात मारला गेला, असे पोलिसांनी सांगितले. त्या दिवसापासून ‘गाडी उलटणे’ हा हिंदी प्रदेशात एक वाक्प्रचारच झाला आणि तो उच्चारताना लोक डोळा मिचकावू लागले. पुढे माजी न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या आयोगाने चौकशी केली. पोलिसांचे कथन खोडून काढणारा पुरावा त्यापुढे आला नाही, आणि तो देण्यास जनतेतून वा वृत्तपत्रांतून कोणी पुढे झाले नाही, असे अहवालात नमूद झाले. शंका बरोबर होती की चूक, हे मी सांगू शकत नाही. पण जी शंका चहाच्या टपरीवर इतकी बोलकी होती ती शपथपत्रापर्यंत का चालत गेली नाही, हे मात्र विचारण्यासारखे आहे. वर, एका कुप्रसिद्ध माणसाची गाडी उलटली तेव्हा आपल्याला रस्ता, पाऊस, चाके, सर्व तपासावेसे वाटले. दररोज उलटणाऱ्या ट्रकच्या निनावी चालकाच्या वाट्याला तेवढी शंकाही येत नाही.

त्याच्या वाट्याला येतो तो ‘फरार’ हा शब्द. हा शब्द दरोडेखोराचा आहे. ट्रकखालून रांगत निघालेला, अंगावर काचा टोचलेला माणूस जमलेल्या गर्दीकडे पाहून शेतांतून पळत सुटतो, तेव्हा तो कशापासून पळतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. मोटार वाहन कायद्यालाही ते माहीत आहे: कलम १३४ अपघातानंतर जखमींना मदत करण्याचे कर्तव्य चालकावर घालते, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तेव्हा त्याला त्यातून सूट देते. नव्या न्यायसंहितेत पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी वाहतूक बंद पाडली, गावोगाव पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि जुलैत संहिता अमलात आली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. त्या दिवसांत चालकांना प्रथमच कोणी विचारले की तुम्ही पळता का. त्यांनी उत्तरही दिले. पण बातमीतला शब्द अजून ‘फरार’ हाच आहे.