थेट हाक

एका कचेरीत दोघी प्रोग्रॅमर होत्या, थोरली आणि धाकटी. दोघी मिळून हिशेबाचं एक संकेतस्थळ बांधत होत्या, एल्म भाषेत. भाषा तशी कोवळीच, इव्हान चॅप्लिकी यांच्या २०१२ सालच्या प्रबंधातून निघालेली. कंपायलर आधी भरपूर कटकट करतो. पण एकदा त्यानं होकार दिला की पान ग्राहकासमोर सहसा कोसळत नाही, म्हणून लोक तिच्याकडे वळत.

धाकटीला रकमा लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसकट, चलनाच्या चिन्हासह दाखवायच्या होत्या. हे ब्राउझरला येतंच. जावास्क्रिप्टमध्ये एका ओळीचं काम. एल्ममधून मात्र राजमार्ग पोर्टचा: निरोप बाहेर धाडा, उत्तरही सवडीनं निरोप होऊनच येणार. एका स्वल्पविरामासाठी एवढं कोण करणार? एल्मच्या ०.१८ आवृत्तीत एक आडवाट होती, नेटिव्ह मॉड्यूलची, म्हणजे पोर्ट टाळून जावास्क्रिप्ट थेट आत जोडण्याची. धाकटीनं तिथून ब्राउझरला थेट हाक मारली.

"अगं, ही वाट आपल्याला कुणी दिलेली नाही," थोरली म्हणाली.

"चालतंय ना, ताई?"

चालत होतं. मग एका नोंदीत चलनाचा रकाना रिकामा आला. ब्राउझरनं रेंजएरर फेकला आणि अख्खं पान गोठलं. कंपायलर चकार शब्द बोलला नव्हता. बोलणार कसा? नेटिव्ह मॉड्यूलच्या आत त्याची नजर पोचतच नाही. धाकटीनं तो रकाना तपासणारी एक अट घातली आणि विषय मिटवला.

ऑगस्ट २०१८मध्ये ०.१९ आली आणि आडवाट बंद झाली. कंपायलरला आता खात्री होती की पॅकेजांमधून परकं काही घुसत नाही, त्यामुळे न वापरलेली फंक्शनं तो बिनधास्त गाळू लागला, फाइली लहान झाल्या. धाकटीला त्याचं काय कौतुक!

"एल्मवाल्यांच्या स्वतःच्या पॅकेजांत जावास्क्रिप्ट आहेच की. मनाई फक्त आपल्याला!"

"आहे," थोरलीनं कबूल केलं. "आणि माणसं राहायला आल्यावर दार बुजवलं, हेही खरं. पण ज्या भरवशासाठी आपण ही भाषा घेतली, तो या मनाईवरच उभा आहे. भरवसा हवा असेल तर त्याच्या अटी आधी वाचाव्यात, बाई."

मला विचाराल तर नियम योग्य होता, पण किल्ली एकाच घरात ठेवण्याचं समर्थन थोरलीलाही नीट जमलं नाही. जगभर कित्येकांनी याच कारणानं एल्म सोडली.

या दोघींनी सोडली नाही. थोरलीनं कस्टम एलिमेंट सुचवलं: एल्मनं फक्त एक टॅग लिहायचा, रक्कम आणि चलन त्याच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये द्यायचं, आकडा सजवण्याचं जावास्क्रिप्ट त्या टॅगच्या पोटात. ओळी जास्त झाल्या. धाकटी कुरकुरली, पण तिनं मुद्दाम चलन रिकामं ठेवून पाहिलं. एरर कन्सोलमध्ये उमटला, एक चौकोन कोरा राहिला, बाकी पान सुरळीत.

पुढच्या प्रकल्पाला आणखी एक नवी भाषा चर्चेत आली. सगळे तिच्या वेगाचं गुणगान करत होते. धाकटीनं विचारलं, "बाहेरचा कोड बोलवायचा झाला तर वाट कोणती? आणि ती बंद करायचा हक्क कुणाकडे?"