शेजारधर्म आणि कापड
१९१६ साली मद्रासच्या मिशनरी परिषदेत गांधीजींनी स्वदेशीचा अर्थ लावला तो दूरचे सोडून जवळच्यांची सेवा असा. स्थानिक डिझायनरांचे कपडे मांडणारे बुटीक या शेजारधर्मात बसते. पण शेजारी नेमका कोण? गोव्यात फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीला नवे दिवस दाखवले. लाल चौकटींचे, खांद्यावर गाठ मारून नेसायचे हे लुगडे मूळचे शेतात राबणाऱ्या कुणबी बायकांचे. दुकानात त्यावर नाव लागते डिझायनरचे, विणकराचे सहसा नाही. इथे निष्काम कर्माचा दाखला देणे ही पळवाट होय: फळाची आसक्ती कर्त्याने सोडायची असते, दुसऱ्याने ते परस्पर उचलायचे नसते. विणकराचे नाव चिठ्ठीवर छापले, तर आक्षेप सौम्य होतो. मिटत नाही, कारण किंमत कुणबी बाईच्या आवाक्याबाहेरच राहते.