फेलिक्सची सवड

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात एका रोमन सुभेदाराची हकीकत आली आहे. फेलिक्स हे त्याचे नाव. यहुदिया प्रांताचा कारभार तो कैसरिया येथून पाहत असे आणि संत पौल तेथेच त्याच्या कैदेत होता. एके दिवशी फेलिक्स आपली पत्नी द्रुसिल्ला हिला घेऊन आला व ख्रिस्तावरील श्रद्धा म्हणजे काय हे ऐकण्यासाठी त्याने पौलाला बोलावून घेतले. पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय या विषयांवर बोलू लागला. (द्रुसिल्ला ही आपला पहिला नवरा सोडून फेलिक्सकडे आली होती, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. तेव्हा संयमाचा विषय पौलाने सहज काढला असेल असे आम्हांस वाटत नाही.) फेलिक्स भयभीत झाला. तूर्त तू जा, सवड मिळाली म्हणजे तुला पुन्हा बोलावीन, असे त्याने पौलाला सांगितले.

येथवरची कथा अनेकांस ठाऊक असते. पुढचा भाग मात्र आपण फारसा लक्षपूर्वक वाचत नाही. फेलिक्सला सवड मिळाली नाही असे मुळीच घडले नाही. त्याने पौलाला पुनःपुन्हा बोलावले, त्याच्याशी संभाषणे केली, आणि हा क्रम दोन वर्षे चालला. पौलाकडून काही पैसे मिळतील अशी आशाही त्याच्या मनात होती, असे संत लूक स्पष्टपणे नमूद करतो. दोन वर्षांनी त्याच्या जागी पोर्शियस फेस्त आला, तेव्हा यहुदी लोकांची मर्जी राखण्यासाठी फेलिक्स पौलाला कैदेतच ठेवून निघून गेला. साक्षात संत पौलाच्या मुखातून दोन वर्षे शुभवर्तमान ऐकण्याचे भाग्य लाभलेली माणसे जगात किती असतील? फेलिक्स त्यांतील एक होता. पहिल्या दिवशी तो निदान घाबरला तरी होता. नंतरच्या भेटींत तो घाबरल्याचा उल्लेख नाही.

शुभवर्तमान ऐकल्यावर त्यास तत्काळ प्रतिसाद दिला पाहिजे, असे आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून नेहमी सांगतो. पण तत्परता हा स्वतःच एक सद्गुण आहे काय? घाई आणि तत्परता यांत भेद कोणता? विचारी माणूस थांबतो, पडताळून पाहतो, मगच पाऊल टाकतो. मग श्रद्धेच्याच बाबतीत त्याने विचार बाजूस ठेवावा अशी अपेक्षा का करावी? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्याला आधार खुद्द शुभवर्तमानातच सापडतो. बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूनेच सांगितले आहे. संत मार्काने तर आपल्या छोट्याशा शुभवर्तमानात ‘लगेच’ या अर्थाचा ग्रीक शब्द सुमारे चाळीस वेळा वापरला आहे. पेत्र आणि आंद्रेया यांनी लगेच जाळी सोडली, तेथे तो शब्द आहे. परंतु पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी लगेच उगवते, तेथेही तोच शब्द आहे. अशी माणसे वचन आनंदाने लगेच स्वीकारतात आणि संकट आले की लगेच अडखळतात. म्हणजे ज्या शब्दाने शिष्यांचा गौरव झाला, त्याच शब्दाने उथळपणाचेही वर्णन झाले. केवळ वेगावरून प्रतिसादाची किंमत ठरत नाही, हे यावरून उघड आहे.

या कोड्याची उकल संत थॉमस अक्वायनस यांनी फार नेमकी केली आहे. शहाणपण या सद्गुणाची चर्चा करताना ते ॲरिस्टॉटलचे एक मत आधारास घेतात. सल्लामसलत सावकाश करावी, पण निर्णय झाला की त्याची अंमलबजावणी चटकन करावी, असा त्याचा आशय. विचाराला वेळ देणे हा शहाणपणाचाच भाग. परंतु विचार पूर्ण झाल्यावरही जो हालत नाही, तो शहाणपणाविरुद्ध वागतो. त्याच संत थॉमसनी भक्तीची व्याख्या करताना तत्परता हेच तिचे लक्षण मानले आहे. देवाच्या सेवेसाठी स्वतःला तत्परतेने वाहून घेण्याची इच्छा, ती भक्ती. डोळ्यांत पाणी आले, अंगावर रोमांच उभे राहिले, यांस त्यांनी भक्तीच्या व्याख्येत स्थान दिलेले नाही. आमच्याकडे नोव्हेनांना गर्दी असते आणि ती असावीच. पण या व्याख्येसमोर आपण सर्वांनीच, धर्मगुरूंसह, अधूनमधून उभे राहिलेले बरे.

यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो: ज्या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही, त्यासाठी थांबणे हा विवेक आहे, मिळालेले उत्तर आचरण्यासाठी थांबणे ही टाळाटाळ आहे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. थांबलेला माणूस कशासाठी थांबला आहे हे शेजाऱ्याला कळत नाही, पुष्कळदा त्याला स्वतःलाही कळत नाही. फेलिक्सने पौलाला आणखी प्रश्न विचारले असते, शंका काढल्या असत्या, तर आम्ही त्याला दोष दिला नसता. त्याला शंका नव्हतीच. भीती होती, म्हणजे समजले होते.

संत फ्रान्सिस झेवियर यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या विनंतीवरून हिंदुस्थानात दोन धर्मगुरू पाठवायचे ठरले, त्यांत झेवियरांचे नाव नव्हते. ज्यांची निवड झाली होती, ते बोबादिल्या ऐन वेळी आजारी पडले. मार्च १५४० मध्ये संत इग्नेशियस यांनी झेवियरांना बोलावून तुम्हांला जावे लागेल असे सांगितले आणि एक-दोन दिवसांतच ते रोम सोडून निघाले. पुन्हा इग्नेशियसांची भेट होणे नव्हते. आपण ही कथा येथेच थांबवतो आणि तत्परतेचा धडा म्हणून मुलांना सांगतो. पण हेच झेवियर पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना कसे होते? इग्नेशियस १५२८ साली पॅरिसला आले व पुढे झेवियरांचे सोबती झाले. त्यांच्या बोलण्याला या महत्त्वाकांक्षी तरुणाने बराच काळ दाद दिली नाही. त्यांचा दुसरा सोबती पीटर फाबर आधीच वळला होता; झेवियर मागाहून वळले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी व्रत घेतले, तेव्हा ते त्यांत होते. अनेक वर्षांचा तो झगडा झाला होता म्हणूनच १५४० साली त्यांना विचार करायला वेळ लागला नाही. प्रश्न आधीच सुटला होता; उरला होता तो फक्त प्रवास. आणि प्रवासाला मात्र वेळ लागला. लिस्बनमध्ये थांबावे लागले, मोझांबिकला अनुकूल वाऱ्याची वाट पाहावी लागली, आणि ६ मे १५४२ रोजी, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाने, ते गोव्यास पोहोचले. तत्पर माणूस लवकर पोहोचतोच असे नाही. तो लवकर निघतो एवढेच.

याउलट उदाहरणे ख्रिस्तसभेच्या इतिहासात थोडी नाहीत. चौथ्या शतकात स्नानसंस्कार लांबणीवर टाकण्याची चालच पडली होती. संस्काराने सर्व पापांची क्षमा होते हे लोकांना पटले होते, आणि नेमके त्यामुळेच तो मरणसमयी घ्यावा असा हिशेब अनेकजण करीत. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मृत्युशय्येवर स्नानसंस्कार घेतला. संत बेसिल आणि नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांना या चालीविरुद्ध प्रवचने द्यावी लागली. संत ऑगस्टीन यांचा स्नानसंस्कारही बालपणी असाच लांबला व पुढे त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. ३८७ सालच्या पास्काच्या जागरणरात्री मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते तो झाला, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. येथे कोणी म्हणेल की ख्रिस्तसभा स्वतःच प्रौढ दीक्षार्थींना थांबायला लावते. खरे आहे. प्राचीन काळी ही तयारी काही ठिकाणी तीन वर्षे चाले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर ती पद्धत १९७२ साली नव्याने सिद्ध करण्यात आली. पण दीक्षार्थी पहिल्या दिवसापासूनच आपले वागणे बदलू लागतो; ख्रिस्तसभा त्याला ‘आमचा’ म्हणते. वाट पाहणे आणि वाटेवर चालणे ही त्याच्या बाबतीत एकच गोष्ट असते.

परंतु हे सर्व इतर लोकांविषयी झाले. आपण जन्मतःच ख्रिस्ती, पाळण्यात असतानाच आपला स्नानसंस्कार उरकलेला. आपल्याला कोणता प्रतिसाद तत्परतेने द्यायचा आहे?

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने एका बाबतीत घाई करण्याची उघड आज्ञा दिली आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे याची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जावे. आणि वादी वाटेत सोबत आहे तोवरच त्याच्याशी लवकर मिटवून घ्यावे. धर्मग्रामात काही वर्षे काढलेल्या कोणत्याही धर्मगुरूस विचारा, या वचनाइतके लांबणीवर पडलेले वचन दुसरे नाही असेच तो सांगेल. सामाईक विहीर असते, वडिलांच्या हयातीत न झालेली वाटणी असते, जमिनीला भाव आलेला असतो. दोन सख्खे भाऊ एकाच मिस्सेला येतात, एक डाव्या बाजूच्या बाकावर, दुसरा उजव्या. दोघेही ख्रिस्तप्रसाद स्वीकारतात. शांतीचा संकेत देताना दोघेही मागे वळून भलत्याच कोणाचा हात हातात घेतात. विचारले तर कोणीही ‘क्षमा करणार नाही’ असे म्हणत नाही. मुलीचे लग्न होऊ द्या, कोर्टाचा निकाल लागू द्या, त्याने आधी यावे, नाताळात पाहू. मग एके दिवशी घंटा वाजते. शवपेटीवर माती लोटताना जो भाऊ सर्वांत मोठ्याने रडतो, त्याच्या रडण्यात काय असते हे आम्ही वारंवार जवळून पाहिले आहे. त्या वेळी त्याला सांगण्यासारखे धर्मशास्त्रात पुष्कळ आहे. आम्ही ते सांगतो. देवाची दया मृत्यूपलीकडेही पोहोचते, प्रार्थना व्यर्थ जात नाही, हे सर्व सत्य आहे. पण दार उघडून अंगण ओलांडण्याचे काम आता त्याच्याकडून होऊ शकत नाही, हेही तितकेच सत्य आहे.

आता शुभवर्तमान इतरांना देण्याविषयी. येथेही तत्परतेचा अर्थ नीट लावला पाहिजे. विहिरीवरची शमरोनी स्त्री आपली घागर तेथेच ठेवून गावात धावली. तिचे धर्मशिक्षण पूर्ण झालेले नव्हते. ख्रिस्त तो हाच असेल काय, असा तिने लोकांसमोर प्रश्नच ठेवला. सिद्धान्त मांडला नाही. लोक आले, त्यांनी स्वतः ऐकले, आणि आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो, असे तिला म्हणाले. प्रसाराचे याहून निकोप उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. सांगणारी तत्पर आहे, ऐकणारे मोकळे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात हेच तत्त्व मांडले. कोणालाही श्रद्धा स्वीकारण्यास भाग पाडणे किंवा अनुचित मार्गांनी भुलवणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. त्या निर्णयावर कायदेपंडित वाद घालोत. श्रद्धा कोणी कोणाला ‘करवू’ शकत नाही, ती देवाची देणगी आहे, हे तर आपले जुनेच शिक्षण आहे.

म्हणून घाई करायची ती दुसऱ्याच्या निर्णयाची नव्हे, आपल्या साक्षीची. आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, असे संत पेत्र पहिल्या पत्रात सांगतो. ‘सिद्ध’ या शब्दात पूर्वतयारी येते. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण राचोल येथे छापून निघाले १६१६ साली. शेजाऱ्याला त्याच्या भाषेत सांगता यावे म्हणून जो माणूस अशी तयारी करतो, त्याला दिरंगाई करणारा कोण म्हणेल? वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानात जेज्विट धर्मगुरूंसोबत राहून तेथील भाषा शिकले, पुढे व्यापारात पडले, आणि मग मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ साली फ्रान्सिस्कन जपानला निघाले तेव्हा दुभाषा म्हणून तेच उपयोगी पडले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण दिले. आधी शिकलेली ती भाषा देवाने वाया जाऊ दिली नाही.

आमच्या कुटुंबांना जपानला जायचे नाही. वाडीतल्या, चाळीतल्या, इमारतीतल्या शेजाऱ्याने कधी सहज विचारलेले असते, तुम्ही शुक्रवारी मांस का खात नाही, तुमच्याकडे मेलेल्या माणसासाठी मिस्सा का करतात? आणि आम्ही ‘आमच्यात असंच असतं’ असे म्हणून विषय संपवतो. घरातली नात विचारते तेव्हाही उत्तर हेच. प्रश्न विचारण्याचे तिचे वय फार काळ राहत नाही. आठव्या-नववीत गेली की ती विचारायचे थांबते, आणि मुलीला धर्मात गोडी राहिली नाही अशी तक्रार घेऊन आई आमच्याकडे येते.

फेलिक्सची गोष्ट ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात पौलाचा आणखी एक तुरुंग आहे, फिलिप्पै येथला. तेथला नायक हा सुभेदार नव्हे, तुरुंगाधिकारी. मध्यरात्री भूकंप झाला, दारे उघडली, कैदी पळाले असे समजून तो स्वतःचा जीव घ्यायला निघाला होता. पौलाने त्याला थांबवले. तारणासाठी मी काय करावे, एवढेच त्याने विचारले आणि उत्तर ऐकले. मग रात्रीच्या त्याच घटकेस त्याने पौल व सीला यांना नेऊन फटक्यांनी झालेल्या त्यांच्या जखमा धुतल्या. आधी जखमा धुतल्या, मग त्याचा व त्याच्या घरच्यांचा स्नानसंस्कार झाला. त्याने त्यांना धुतले आणि तोही धुतला गेला, असे संत जॉन क्रिसोस्टोम आपल्या प्रवचनात सांगतात. त्यानंतर त्याने दोघांना घरात नेले आणि त्यांच्यापुढे अन्न वाढले. घरातली सगळी माणसे जागी होती. अजून उजाडायचे होते.