कलमामागे अर्धे माप

9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यानंतरच्या महिन्यांत एक निदान आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवले गेले की आता ते सिद्धान्तासारखे वावरते. बीड मागास आहे, हाताला काम नाही, म्हणून हातात शस्त्र येते. उद्योग आणा, गुन्हेगारी आपोआप ओसरेल. हे निदान चुकीचे आहे, आणि दर हंगामात पोटासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या लाखो माणसांचा त्यात अपमान आहे. आरोपपत्र सांगते की या खुनामागे पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी होती. खटला चालू आहे, खरेखोटे न्यायालय ठरवील. पण आरोपच असा आहे की उद्योग गावात पोचला होता आणि वाद त्याच्या पैशावरून पेटला.

2022 मध्ये देशात 28,522 खून नोंदले गेले. त्यांपैकी आर्थिक लाभासाठी झालेले 1,884. निरनिराळ्या वादांतून झालेले 9,962, वैरातून 3,761. भुकेने माणूस मारेकरी होत असता तर हे आकडे असे दिसले नसते.

मग हिंसा कशातून येते? मला याचे उत्तर मराठवाड्यात शोधण्याआधी कावेरीच्या काठी शोधावेसे वाटते. तंजावर मराठ्यांनी 1676 पासून 1855 पर्यंत राखले, त्यामुळे तो मुलूख आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालयापुरता ठाऊक असतो. तंजावरहून कुंभकोणमला जाताना पापनाशम् लागते. तिथे तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायक राजवटीतले एक विटांचे प्रचंड कोठार उभे आहे, तीन हजार कलम भात मावेल असे. कलम हे तिथले धान्याचे माप. पिकवणारे एक, मोजून घेणारे दुसरे, ही शेकडो वर्षांची घडी त्या कोठारासमोर उभे राहिले की डोळ्यांना दिसते.

या जिल्ह्यात 1960 नंतर विकास आला, तोही भरभरून. सघन शेती कार्यक्रमासाठी देशभरातून निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत तंजावर होता. कुंभकोणमजवळच्या आडुतुरै संशोधन केंद्राचे एडीटी-27 हे भाताचे वाण शेतोशेत गेले. उत्पन्न वाढले, तेव्हा मजुरांनी वाढीतला वाटा मागितला. पूर्वेकडे, समुद्राच्या बाजूच्या कीळवेण्मणी गावात लाल बावट्याच्या संघटनेतल्या दलित मजुरांची मागणी कलमामागे अर्धे माप जास्त भाताची होती. जमीनदारांनी भात उत्पादकांचा संघ काढला, बाहेरून मजूर आणले. 25 डिसेंबर 1968 च्या चकमकीत बाहेरून आलेला एक मजूर मेला. त्याच रात्री दलितवस्तीवर हल्ला झाला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली 44 माणसे जिवंत जाळली गेली. बहुतेक बायका, मुले, म्हातारी. केंद्रीय गृहमंत्रालयाने 1969 मध्ये शेतीतल्या तणावांवर अहवाल केला, त्यात हीच भीती होती: नव्या बियाण्याची भरभराट आणि तिची विषम वाटणी हातात हात घालून चालली होती.

आता ज्या लेखकाशी मला भांडायचे आहे त्याच्याकडे येतो. कुंभकोणमला वाढलेले इंदिरा पार्थसारथी यांनी या हत्याकांडावर ‘कुरुदिप्पुनल’ ही कादंबरी लिहिली. 1977 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कादंबरीतल्या जमीनदाराच्या क्रौर्याचे मूळ त्याच्या नपुंसकत्वात सापडते. डाव्या टीकाकारांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता, आणि मला तो पूर्णपणे मान्य आहे. कादंबरीकाराला मनात उतरण्याचा हक्क आहे, पण कीळवेण्मणीत एका मनाने आग लावलेली नाही. न्यूनगंडातून संघ उभा राहत नाही, संघाची वर्गणी जमत नाही, परगावचे मजूर आणण्याची तजवीज होत नाही. आपल्या वाहिन्यांवर रोज ‘नराधम’ आणि ‘विकृती’ हे शब्द वापरतात तेव्हा हेच घडते. गरिबीचे निदान दोष एका अख्ख्या वर्गावर ढकलते, विकृतीचे निदान तो एका डोक्यात कोंडते. मधली जी व्यवस्था खून शक्य करते, ती दोन्ही वेळा मोकळी सुटते. इतक्या जाणत्या लेखकाने तिला सुटू दिले, याचे मला दुःख आहे.

त्यांच्या शेजारी मी मानववंशशास्त्रज्ञ कॅथलीन गफ यांना ठेवतो. 1951 पासून या जिल्ह्यातल्या गावांत राहून त्यांनी अग्रहार आणि मजूरवस्ती दोन्ही पाहिल्या. पण्णैयाळ, म्हणजे आपला सालगडी, चुकला तर त्याला झाडाला बांधून फटके मारणे, शेण कालवलेले पाणी पाजणे, ही तिथली रीत होती. ती कुठल्याही ठाण्याच्या दप्तरात नाही. ज्या काळाला आपण शांत म्हणतो तो असा होता. 1943 नंतर कम्युनिस्ट नेते बी. श्रीनिवास राव यांनी मजुरांना उभे केले, 1952 मध्ये कुळांना आणि पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा झाला, आणि मार खाणारा माणूस तक्रार करू लागला. गुन्ह्यांचा आकडा वाढला की समाज बिघडला असे म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

म्हणजे हिंसा वाटा मागितल्याने होते, असे म्हणून थांबता येईल का? नाही, कारण पापनाशम्-कुंभकोणमच्या बाजूलाही तेच वाण, तीच कावेरी होती, आणि तिथे कीळवेण्मणी घडले नाही. पूर्वेला मोठी खातेदारी आणि दलित मजुरांची संख्या जास्त, पश्चिमेला कुळे जास्त आणि बरेच ब्राह्मण मालक शहरांकडे वळलेले, हा फरक महत्त्वाचा आहे. पण मला निर्णायक वाटते ते त्यानंतर न्यायालयात घडलेले. 1969 मध्ये मजुरीचा कायदा झाला, माप ठरले. 1970 मध्ये सत्र न्यायालयाने भात उत्पादक संघाचे प्रमुख गोपालकृष्ण नायडू आणि इतरांना दहा वर्षांची शिक्षा दिली. 1973 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडले; मोटारी बाळगणारे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे न्यायमूर्तींना पटले नाही. 1980 मध्ये नायडूंचा खून झाला. सुटकेची हमी आधी एका बाजूला माणसे मारायला बळ देते, आणि मग दुसऱ्या बाजूला.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 ला मारले गेलेले एका दलित कुटुंबातले चौघे गावातले सर्वांत गरीब नव्हते. त्यांची स्वतःची शेती होती, मुलगी शिकत होती, आणि आईने मारहाणीच्या एका प्रकरणात आरोपी ओळखून दाखवले होते. जामिनावर सुटलेले त्याच दिवशी आले. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून 25 वर्षांची शिक्षा दिली आणि त्यामागची जात मानली नाही; सूड म्हटले.

म्हणून बीडमध्ये किती कारखाने यायला हवेत, हा प्रश्न मी नंतर विचारीन. आधी हे सांगा: तक्रार देऊन घरी परतलेल्या माणसाला त्या रात्री कोण राखते? पंच फितूर झाला तर त्याला कोण जाब विचारते? आणि ठाणेदाराची बदली कोणाच्या शब्दावर होते?