तीन खुणांमागचा श

बसा. पाठ टेकवा. हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवा.

रात्र आहे. गाव शहागड. गोदावरी जवळच आहे. पुलाकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज वाढतो, विरतो. खोलीत संगणकाचा पंखा तेवढा घरघरतो आहे.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

समोर काळा पडदा आहे. चित्रं नाहीत, माऊसचा बाण नाही. लिनक्सचा नुसता अक्षरांचा पडदा, कन्सोल. तुम्ही एक फाईल उघडली आहे. तिच्या पहिल्या ओळीत गावाचं नाव आहे.

पडद्यावर ते नाव दिसत नाही. दिसतं ते भलतंच.

पाहा. काही करू नका. नुसतं पाहा.

हात शिवशिवतील. फाईल पुसून टाकावी, मशीन बंद करावं असं वाटेल. वाटू द्या. हात मांडीवरच असू द्या.

आता अगदी पहिल्या खुणेवर या. रोमन ए आहे, डोक्यावर एक तिरकी रेघ. तिच्या शेजारी छोटं वर्तुळ, चार कोपऱ्यांना चार काड्या फुटलेलं. मग उलट्या पी-सारखी दिसणारी, परिच्छेदाची खूण.

थांबा. या तिघींपाशी थोडं राहा.

पुढे सरका. पुन्हा तोच ए. पुन्हा तेच वर्तुळ. तिसरी खूण मात्र बदलली आहे: वर चढलेला बारीक एक.

आणखी पुढे. ए, वर्तुळ, आणि आता पाऊण लिहिलेला अपूर्णांक.

ए, वर्तुळ, काहीतरी वेगळं. ए, वर्तुळ, काहीतरी वेगळं.

ऐकू येते का ही लय?

ती मनात हळू म्हणा. घाई नाही.

खरोखर विस्कटलेल्या मजकुराला अशी लय नसते. इथे काहीतरी शाबूत आहे.

आत उतरा. फाईलमध्ये अक्षरं नाहीत, आकडे आहेत. श साठी तीन: २२४, १६४, १८२. ह साठी २२४, १६४, १८५. काना, ग, ड, प्रत्येकाचे तीन-तीन. पाचांचे मिळून पंधरा बाइट. पहिले दोन आकडे सगळ्यांचे सारखे, तिसरा ज्याचा त्याचा.

ही यूटीएफ-८ची रीत. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२मध्ये आखली. तीन आकडे एकत्र वाचायचे, तेव्हा एक श होतो.

हा पडदा मात्र एकेक आकडा सुटा वाचतो आहे. म्हणून एका अक्षराच्या जागी तीन खुणा.

श्वास घ्या. सोडा.

आता विचारा, आवाज न करता: पडद्याला असं वाचायला कुणी सांगितलं?

मशीन सुरू होताना पडद्यामागे बऱ्याच सेवा जाग्या होतात. त्यांतली एक कन्सोलचा फॉन्ट आणि कीबोर्ड लावते. व्हीकन्सोल सेटअप तिचं नाव. यूटीएफ-८ वाचायचं की नाही, हे ती लोकेलच्या, म्हणजे मशीनच्या भाषेच्या नोंदीवरून ठरवते. नोंद जुनी असली, चुकीची असली, तरी ती सांगितलेलं काम नीट करते. लॉगमध्ये लाल ओळ येत नाही. सगळं यशस्वी दिसतं.

त्या यशस्वी ओळीकडे पाहा. मग पडद्याकडे पाहा. दोन्हींना एकाच नजरेत राहू द्या.

आता हात उचला. लोकेलची नोंद उघडा. तिथे यूटीएफ-८ लिहा. मशीन पुन्हा सुरू करा, आणि वाट पाहा.

ओळी वर सरकत जातात. तीच फाईल उघडा.

तीन खुणांच्या जागी आता एकच खूण आहे. रिकामा चौकोन, किंवा प्रश्नचिन्ह.

निराश होऊ नका. मोजा. पहिल्या अक्षराला एक, दुसऱ्याला एक. पडदा आता तीन आकडे एकत्र वाचतो आहे. त्याच्याकडे श-चा आकार तेवढा नाही. या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ किंवा ५१२ आकार मावतात. जोडाक्षरं जुळवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे नेऊन ठेवणं कन्सोलला येत नाही. डेबियन लिनक्स बसवतानाही मराठी हवी असेल तर चित्रांचा इन्स्टॉलरच घ्यावा लागतो.

म्हणून तीच फाईल ग्राफिकल डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये उघडा.

श. ह. काना. ग. ड.

डोळे त्यावर राहू द्या. एकेका अक्षरावर एक श्वास.

तीन खुणा दिसत होत्या तेव्हाही आत २२४, १६४, १८२ होते. चौकोन दिसत होता तेव्हाही. आताही तेच आहेत. फाईलला कुणी हात लावला नाही, म्हणून ती वाचली. मघाशी त्या खुणा पुसून, वर सेव्ह केलं असतं, तर मात्र नाव खरंच गेलं असतं.

हे सोबत ठेवा. कुणाच्या नावांची यादी असेल, कुणाचे हिशेब, कुणाची पत्रं. आपल्या लिपीत लिहिलेलं माणसांना फार मोलाचं असतं. एखाद्या दिवशी कुणीतरी घाबरून म्हणेल, सगळं गेलं. तेव्हा त्यांच्याजवळ बसा. म्हणा, सेव्ह करू नका, पुसू नका. आणि दोघं मिळून खुणा मोजा.